समदी आत आल्याबिगर

वसुबारशीच्या दिवशी दुपारी फुलाबाईनं ताकात कुस्करलेली नाचणीची भाकरी काजळी कुत्रीच्या पुढ्यात सरकवली. काजळीनं ती हुंगलीसुद्धा नाही. मान उचलून तिनं फुलाबाईच्या हाताला एकदा जीभ लावली, म्हणजे तेवढी रीत पाळली, आणि पुन्हा फाटकाकडं तोंड करून पडून राहिली.

"खा गं माजे बाय," फुलाबाई म्हणाली. "उपास मला हाय आज. तुला न्हाई."

पोळेकरांच्या घरात वसुबारस कडक. सांजेला गुरं रानातून परत यावीत, गाय-वासराला ओवाळावं, आणि मगच घरच्या बायांनी ताटावर बसावं, अशी सासूच्या सासूपासूनची चाल. काजळीला मात्र कुणी उपास सांगितला नव्हता आणि तिचा तो दोन-तीन दिवस चालू होता. पाणी प्यायची, अन्नाला तोंड लावत नव्हती. वेल्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर कोंडे मागच्या खेपेला जाताना बजावून गेले होते, "बाई, दुखतंय किती ते ती बोलून सांगणार नाही. खाणं सोडलं की समजा, तिनं सांगितलं. मग मला निरोप धाडा. इंजेक्शन देऊन झोपवू, हाल करायचे नाहीत." सर्जेरावांनी काल निरोप धाडला होता. डॉक्टर आज यायचे होते.

निरोप धाडणाऱ्या नवऱ्याचा फुलाबाईला राग येत होता, आणि आपण त्यांना अडवलं नाही म्हणून स्वतःचा त्याहून जास्त.

काजळी काही देखणी नव्हती. काळी, उंच पायांची, डोळ्यांखाली आणखी काळ्या रेघा. डावा कान अर्धाच. उरलेला अर्धा बिबळ्यानं नेला, आणि बदल्यात त्याला काय मिळालं ते त्यालाच ठाऊक, कारण पुन्हा तो त्या अंगाच्या रानात दिसला नाही. कपिला गाय तेव्हा कालवड होती. तिच्या मानेवर बिबळ्या पडला आणि त्याच्या मानेवर ही पडली. पासली गावात अजून कुणाच्या कुत्र्याचं कौतुक निघालं, की म्हातारी माणसं म्हणतात, "असंल बाबा. पर काजळी ती काजळी."

बिबळ्याची गोष्ट गावाला आवडायची. फुलाबाईला तिची दुसरीच करामत मोठी वाटायची. सांजेला गुरं येताना काजळी फाटकात उभी राहायची आणि एकेक जनावर डोळ्यांखालून घालायची. एखादं मागं राहिलं असेल, आणि कपिलेला मागं राहायची खोडच होती, तर काजळी पुन्हा रानात जायची आणि त्याला घेऊनच यायची. समदी आत आली की मग ती आपल्या परातीकडं वळणार. त्याआधी पुढ्यात मटण ठेवा, शिवायची नाही. कैक वेळा तिची भाकरी कावळ्यांनी नेली, पण तिनं नेम मोडला नाही. "माणसं अशी असती तर काय पायजे हुतं," असं फुलाबाई म्हणायची आणि म्हणताना तिची नजर कुंपणाकडं जायची.

कुंपण काटेरी साबराचं होतं आणि अंगणाच्या मधोमध होतं. मागल्या साली, दुष्काळात, पेंढ्याच्या एका भाऱ्यावरून फुलाबाई आणि तिची धाकटी जाऊ रतनबाई यांची जुंपली. भारा निमित्ताला. आत कैक वर्षांचं साठलेलं होतं, ते सगळं बाहेर आलं आणि पंच बसवूनच थांबलं. सर्जेराव आणि बाजीराव वेगळे झाले. जमीन वाटली, गुरं वाटली, भांडी वाटली. पाटा एकीला आणि वरवंटा दुसरीला जायचा तेवढा राहिला. जुनं फाटक सर्जेरावांकडं गेलं, बाजीरावांनी पलीकडून कुडाची नवी ताटी लावली. कुत्री कुणाची, हे मात्र पंचांना विचारायचं सुचलं नाही.

कुत्रीनं वाटणी मानली नाही. रोज सांजेला ती बाजीरावांचीही गुरं हाकत जुन्याच फाटकातून आत आणायची. मग रतनबाई पलीकडून ओरडायची, "आमची गाय आडकवून ठेवली का पुन्यांदा?" आणि फुलाबाई इकडून उत्तर द्यायची, "तुजी गाय तुला ओळखत न्हाई, त्याला मी काय करू?" दोघी जावांचं वर्षभरात जे काही बोलणं झालं ते एवढंच, पण रोज झालं.

काजळीला गाठ आली ती वाटणीनंतर. पोटाखाली, शेवटच्या थानाजवळ, सुपारीएवढी. एसटीत कुत्री घेईनात, म्हणून सर्जेराव तिला भाताच्या पोत्यांच्या ट्रकातून वेल्ह्याहून नसरापूरला आणि तिथनं दुसऱ्या ट्रकातून भोरला घेऊन गेले, आणि तिथं गाठ कापून घेतली. चांगली बरी झाली. एक पावसाळा धावली. पाऊस उघडता उघडता गाठ परत आली ती दुपटीनं, फुटली, आणि काजळीला कोरडा खोकला लागला. जखमेला काटेकुटे आणि माश्या लागू नयेत म्हणून डॉक्टरांनी रानात सोडायला बंदी केली. तीन दिवसांमागं फुलाबाईनं जुन्या लुगड्याचा मऊ पीळ वळून तिला पडवीत बांधलं आणि खाली पोतं अंथरलं. आता गुरं गुराखी आणायचा, तो सर्जेरावांची फाटकातून आणि बाजीरावांची ताटीतून आत सोडायचा. रोजचं भांडण मिटलं. अंगणात नुसती शांतता झाली, आणि ती फुलाबाईला सोसत नव्हती.

त्या दिवशी पडवी भरली होती. दिवाळीचं निमित्त होतं, पण जो तो काजळीसाठी आला होता. सावळाराम, फुलाबाईचा मुलगा, मुंबईला गिरणीत होता, तो रजा काढून आलेला. पालीहून चिमाजी तात्या आले होते, सर्जेरावांचे चुलते. तात्यांनी येताना स्वतःचा विळा आणला होता आणि आल्या आल्या तो चुलीत सारून ठेवला होता. पंचक्रोशीत कुणाचा बैल लंगडला, कुणाची म्हैस सुजली, की तापल्या विळ्याचा डाग द्यायला तात्यांना बोलावणं जायचं.

डॉक्टर कोंडे सायकल ओढ्यापलीकडं ठेवून चालत आले. आधी काजळीजवळ बसले आणि मग माणसांना रामराम केला. फुलाबाईला त्यांचं हे पहिल्यापासून आवडायचं. त्यांनी काखेत चाचपलं, छातीला नळी लावली, जखमेवरचं फडकं उचलून बघितलं. काजळी एकदाच कण्हली आणि लगेच गप्प झाली, जणू चारचौघांत कण्हल्याची तिला लाज वाटली.

"काखेत गाठी आल्यात," डॉक्टर म्हणाले. "आणि खोकला छातीतला आहे. कॅन्सर आहे हा, माणसांना होतो तोच. आता तो एका जागी राहिलेला नाही."

"पुन्यांदा कापला तर?" सर्जेरावांनी विचारलं.

"पोटाखालची गाठ कापता येईल. छातीत सुरी कुठं घालू? आणि या अंगात आता भूल सोसायची ताकद नाही. टेबलावरनं ती उठेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

सावळाराम पुढं सरकला. "डॉक्टरसाहेब, मुंबईला जनावरांचा मोठा दवाखाना हाय. आमच्या खात्यात एक जण सांगत होता, माणसांचं कॅन्सरचं औषध आता तिथं कुत्र्यांनाबी देतात. मी नेतो तिला. माझ्या खोलीवर ठेवतो."

"देऊन बघतात, खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "मी तुला नको म्हणणार नाही. पण काय होईल ते ऐकून घे. सुया टोचतील, उलट्या होतील, उरलंसुरलं खाणंही जाईल. आठवडेच्या आठवडे पिंजऱ्यात राहावं लागेल. एवढं करून काही महिने मिळाले तर मिळाले. ती तिथं कुणाला ओळखणार? गुरं कुठली बघणार?"

चाळीतल्या आपल्या खोलीत काजळी कुठं बसेल, हे सावळाराम मनात बघत होता आणि त्याला जागा सापडत नव्हती, एवढं त्याच्या आईला दिसलं.

"मग तुमी म्हनला हुता तसं करा," सर्जेराव म्हणाले. त्यांनी काजळीकडं पाठ केली होती. "झोपवा तिला. माज्याच्यानं बघवत न्हाई."

"दादा, कुत्री तुमच्या एकट्याची कवापासनं झाली?"

आवाज कुंपणापलीकडून आला. बाजीराव साबरापाशी उभे होते, फक्त पागोटं दिसत होतं. "वाटनीत तिचं नाव न्हवतं. माजी कपिला तिच्यामुळं जित्ती हाय. मला इचारल्याबिगर सुई टोचायची न्हाई."

"मग आत येऊन बोल की. काय साबराआडनं बोलतोस?"

"आत ये म्हनलं का कुनी?"

वर्षभर जे दोन भाऊ एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते, ते आज कुत्रीपायी भांडत तरी होते. फुलाबाईला त्यातही बरं वाटलं. तेवढ्यात चिमाजी तात्या उठले आणि चुलीकडं गेले. बाहेर आले तेव्हा हातात विळा होता, पातं लाल झालेलं.

"लई बोलनं झालं," तात्या म्हणाले. "डॉक्टर शिकल्यालं हाईत, त्यांचा मान हाय. पर इलाजच ऱ्हायला न्हाई म्हनत्यात न्हवं? मग म्या डाग दिला तर काय बिगडंल? हजार जनावरं उभी केल्यात म्या. सर्जा, धर तिला."

सर्जेराव हलले नाहीत. डॉक्टर हळूच म्हणाले, "तात्या, जखम भाजली तर आतली गाठ मरत नाही. नुसत्या वेदना वाढतील तिच्या."

"उगी बसून बगन्यापरीस बरं न्हवं का?"

फुलाबाईनं या घरात आल्यापासून तात्यांसमोर कधी मान वर केली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, काजळीच्या आणि विळ्याच्या मध्ये येऊन बसली आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "तात्या, इळा ठिवा. तुमचा हात चांगला हाय, समद्या मावळाला ठावं हाय. पर हिनं बिबळ्या सोसला तो आपल्यासाटी सोसला. आता आपल्याला उगी बसवत न्हाई म्हनून हिला आनकी सोसाय लावायचं, त्ये मी करू द्येनार न्हाई."

तात्यांनी तिच्या पदराकडं बघितलं. मग विळा पुन्हा चुलीत नेऊन ठेवला आणि परत आले ते सर्जेरावांना म्हणाले, "तुजी बायकू बोलती म्हन की." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

डॉक्टरांनी काजळीची हनुवटी तळव्यावर घेतली. "मला एकच कळत नाही. अन्न सोडलेल्या जनावराचे डोळे विझल्यासारखे होतात. हिचे बघा. कशावर तरी रोखलेत. मी सांजपर्यंत थांबतो. तुम्ही घरची माणसं ठरवा, मग पेटी उघडतो."

उन्हं उतरली. फुलाबाईनं ओवाळणीचं ताट केलं. हात आपोआप काम करत होते आणि डोळे भरून येत होते. ती रडत होती हे लपवावं असंही तिला वाटलं नाही. ओढ्याच्या अंगानं घुंगरं वाजली आणि सर्जेरावांची गुरं फाटकाशी आली.

काजळी उठली. तिला उठताना बघणं अवघड होतं. आधी पुढचे पाय, मग थोडं थांबून मागचे, आणि तरी उभी राहिली ती ताठ. गुरं एकेक करून आत आली. तिनं प्रत्येकावर नजर टाकली. शेवटचं वासरू आत आलं आणि गुराख्यानं फाटक ओढून घेतलं.

काजळी बसली नाही. पिळाला ताण देऊन फाटकाकडं बघत राहिली. पाय थरथरत होते.

"झालं गं, आली समदी," फुलाबाई म्हणाली. "बस आता."

"आक्का."

कुंपणापलीकडं रतनबाई उभी होती. तिच्याही हातात ओवाळणीचं ताट होतं. वर्षानं तिनं आक्का म्हटलं होतं आणि आवाज अगदी साधा होता.

"आक्का, ती आजारानं जेवत न्हाई असं न्हाई. वाट बगतीया. आज आपुन दोगी गुरं आल्याबिगर खायाचं न्हाई म्हनून बसलोय. ती तर जल्मभर तशीच बसली. आमची गुरं तिनं बांदल्यापासनं आत आल्याली बगितली न्हाईत. तिच्या लेखी निम्मी गुरं अजून रानातच हाईत."

फुलाबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. काजळीचा नेम तिच्याइतका कुणाला ठाऊक होता? तोंडभरून तीच तर सांगत आली होती. पण आपली गुरं आली म्हणजे समदी आली, असं ती कधी धरून चालली, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. वर्षभरात कुत्रीला अर्ध्याची सवय झाली नाही, फुलाबाईला झाली. आणि हे सांगायला रतनच पुढं यावी, जिचं नाव काढलं की फुलाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रतननं हे रोज साबराआडून बघितलं असेल, गप्प राहिली असेल, आणि शेवटी मानपान बाजूला ठेवून बोलली. फुलाबाईला ते साधलं नसतं. तिनं हे मनात कबूल केलं.

"मग बगत काय हुबी ऱ्हायलीस?" ती म्हणाली. "आन की."

"कुठनं?"

"कुठनं म्हंजी? फाटकातनं. साबरावरनं उड्या टाकून येनार हाईत व्हय?"

बाजीरावांनी ताटीतून आत घेतलेली गुरं पुन्हा बाहेर काढली आणि वळसा घालून जुन्या फाटकाशी आणली. सर्जेरावांनी स्वतः उठून फाटक उघडलं. भाऊ समोरासमोर आले, आणि बाजीरावांच्या हातातली काठी सर्जेरावांनी घेतली आणि ते गुरं आत वळवू लागले. काजळीची मान एकेका जनावराबरोबर फिरत होती. बैल आले, पाडी आल्या. सगळ्यांच्या मागं, रेंगाळत, कपिला आली. ती सरळ पडवीशी येऊन थांबली आणि काजळीच्या अर्ध्या कानाशी तिनं नाक नेलं.

काजळीची शेपटी हलली. ती खाली बसली, एक उसासा टाकला, पुढच्या पायानं परात जवळ ओढली आणि दुपारची ती वाळलेली भाकरी खाऊ लागली.

डॉक्टरांनी पेटीला लावलेला हात काढून घेतला.

"जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई म्हंत्यात," चिमाजी तात्या म्हणाले, आणि पागोट्याच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले. "असली खोड लागाया बी नशीब लागतं." मग ते आत गेले. चुलीतला विळा काढून त्यांनी पाण्यात बुडवला, त्याचा आवाज पडवीत ऐकू आला. दुसऱ्या दिवशी त्याच विळ्यानं त्यांनी काजळीच्या अंथरुणाला मऊ गवत कापून आणलं.

दोघी जावांनी एकाच फाटकात गुरांना ओवाळलं. त्यानंतर फुलाबाईनं कुणालाही न विचारता काजळीलाही ओवाळलं.

डॉक्टर जाताना सगळ्यांना बसवून बोलले. "मी हिला बरी करणार नाही. हे आत्ताच सांगतो, मागाहून मला दोष नको. पण दुखणं कमी ठेवता येईल. या गोळ्या, भाकरीतून द्यायच्या, रिकाम्या पोटी नाही. जखम रोज धुवायची, माशी बसू द्यायची नाही. सांजेला सोडा तिला, फाटकापर्यंत जाऊ दे. जितके दिवस ती गुरांची वाट बघेल तितके दिवस तिचे. ज्या दिवशी बघणार नाही, त्या दिवशी मला बोलवा. तेव्हा मात्र उशीर लावू नका."

जखम धुवायचं काम रतनबाईनं आपण होऊन घेतलं. फुलाबाई वाघासारखी बाई, पण तिला ती जखम बघवायची नाही. रतनबाई कडुनिंबाचं कोमट पाणी घेऊन बसायची, नाक न मुरडता, काजळीशी काहीबाही बोलत, कपिलेच्या तक्रारी सांगत. तिचा हात इतका हलका की काजळी कण्हत नसे, उलट धुऊन झाल्यावर पोट वर करून पडून राही. एकदा फुलाबाई म्हणाली, "हात बरा हाय तुजा." पोळेकरांच्या घरात एवढं म्हणणं म्हणजे हत्तीवरून साखर वाटण्यासारखंच होतं. रतनबाई लाजून लाल झाली आणि पाणी सांडून बसली.

कार्तिक गेला, मार्गशीर्षही तसाच गेला. सावळाराम मुंबईला परत गेला, पण गावाकडं येणाऱ्या प्रत्येकाजवळ बिस्किटांचा पुडा धाडत राहिला. सर्जेराव, ज्यांना बघवत नव्हतं, ते सकाळ-सांज गोळी भाकरीत लपवून भरवू लागले आणि काजळी ती गोळी दातांनी बाजूला काढून त्यांच्या पायावर ठेवू लागली. बाजीरावांनी गुळाची युक्ती काढली, ती चालली, आणि त्यावरून दोन्ही भावांत कोण हुशार याचा वाद रंगला. डॉक्टर बाजाराच्या दिवशी येत, गोळी वाढवून जात. काजळी बारीक होत गेली. पण सांज झाली की ती उठायची, फाटकात जाऊन बसायची आणि समदी आत आली की जेवायची. वाटेनं जाणारी माणसं थांबून बघत. कुणी हात जोडत, आणि त्यात कुणाला काही वेडेपणा वाटत नसे.

पौषातली एक सांज. थंडी मुरली होती. काजळीला फाटकापर्यंत उचलून आणावं लागलं होतं. गुरं आली, तिच्या अंगाजवळून गेली. कपिला शेवटी आली, थांबली, तिचं कपाळ चाटलं. काजळीचे डोळे उघडे होते. ते गुरांकडं नव्हते, फाटकाकडं नव्हते, कुठंच नव्हते.

फुलाबाई बाजूला बसली होती. तिनं काजळीच्या मानेवर हात ठेवला आणि हाक मारली, "रतन, भावजींना डॉक्टरांकडं जाया सांग."

रतनबाईनं का म्हणून विचारलं नाही. ती तशीच वळली.

डॉक्टर सकाळी उजाडताच आले. काजळीचं डोकं फुलाबाईच्या मांडीवर होतं आणि पुढचा पाय रतनबाईच्या हातात. सर्जेराव उठून जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते समोर बसून राहिले आणि शेवटपर्यंत त्यांनी नजर हटवली नाही. सुई टोचली तेव्हा काजळी हललीसुद्धा नाही. छातीतली घरघर हळूहळू कमी झाली आणि थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं अंग कुठंच आखडलेलं नव्हतं.

"चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांनी."

कुठं पुरायचं यावर वाद झाला नाही. भावांनी फाटकालगतच, उंबऱ्याच्या दगडाशेजारी खड्डा घेतला. पालीहून आलेल्या तात्यांनी माती सारली आणि वर गवताची एक पेंढी ठेवली.

त्या सांजेला गुरं आली. गुराख्यानं विचारलंही नाही, दोन्ही घरची फाटकातूनच आत वळवली. फुलाबाईनं भाकऱ्या केल्या, ताटं घेतली. सर्जेराव बसले. पडवीतली परात तशीच पालथी पडली होती.

"कपिला मागं ऱ्हायली ओढ्याला," सर्जेराव म्हणाले. "आननारी हाय म्हनून बिनघोर ऱ्हायाची सवय तिला. रतनबाई गेलीया बगाय. तू जेवून घे."

फुलाबाई ताटावर बसली. भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. मग तो ताटात ठेवून ती उठली, फाटकात गेली आणि ओढ्याच्या वाटेकडं बघत उभी राहिली.

"अगं, जेव की. भाकरी गार हुतीया."

"समदी आत आल्याबिगर कशी जेवू?" फुलाबाई म्हणाली.

दिवस मावळून गेला. ओढ्याच्या वळणावर आधी घुंगरू वाजलं, मग कपिला दिसली, आणि तिच्या मागून रतनबाई, पदर करवंदीच्या काट्यात फाटलेला, गाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. फुलाबाई बाजूला झाली. तिनं कपिलेला डोळ्यांखालून घातलं, मग रतनबाईला, डोक्यापासून पायापर्यंत. दोघी आत आल्या तशी तिनं फाटक ओढून घेतलं.

"चल," ती रतनबाईला म्हणाली, "आता जेवू."